सगळं फोनवर सापडतं, मग ग्रंथपाल दिवसभर करते काय?

तुम्ही विचारलंय, "आता काहीही शोधलं की क्षणात सापडतं, तर ग्रंथपालाला काम काय उरलं? आणि घरी गेल्यावर तरी पुस्तकं डोक्यातून जातात का?" बावीस वर्षं या कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शोधायचं काम यंत्राने घेतलं हे खरं आहे आणि मला त्याचा आनंदच आहे. मी नोकरीला लागले तेव्हा तालिकेच्या, म्हणजे ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या सूचीच्या, पत्रांचे लाकडी खण होते. एका पुस्तकासाठी लेखकाच्या नावाचं एक, शीर्षकाचं एक, विषयाचं एक अशी तीन-चार पत्रं लिहायची आणि वर्णानुक्रमे खणात घालायची. एक पत्र चुकीच्या जागी गेलं की ते पुस्तक त्या बाजूने दिसेनासं व्हायचं. आज वाचक घरी बसून बघतो की पुस्तक आहे की कुणी नेलंय. त्या खणांची मला आठवण येते, पण ते परत यावेत असं मुळीच वाटत नाही.

मात्र यंत्र तुम्ही जे टाइप कराल तेच शोधतं. काउंटरशी आलेला माणूस जे मागतो आणि त्याला जे हवं असतं, त्यांत बरंच अंतर असतं. माझा दिवस त्या अंतरात जातो.

एक उदाहरण सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. एक गृहस्थ आले आणि "मेंदूवर पुस्तक आहे का?" असं विचारलं. आमच्याकडे ड्यूई दशांश वर्गीकरण आहे, म्हणजे प्रत्येक विषयाला एक क्रमांक आणि त्या क्रमांकाने रॅकवर पुस्तकाची जागा. त्यात मेंदू आणि मज्जासंस्थेचं शरीरशास्त्र ६१२.८ वर येतं, म्हणून मी त्यांना ते रॅक दाखवलं. त्यांनी दोन-तीन पुस्तकं चाळली, ठेवली आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच रॅकपाशी उभे. वाचकाला "कशाला हवंय?" असं विचारायचं नाही, हे मी माझ्या पहिल्या वरिष्ठांकडून शिकले. त्या प्रश्नाने माणूस चोरी पकडल्यासारखा गप्प होतो. मी विचारलं, "पुस्तकातून नेमकं काय कळलं तर तुमचं काम होईल?" तेव्हा ते म्हणाले, वडिलांना पक्षाघाताचा झटका येऊन गेलाय, बोलता येत नाही, आणि त्यांना काय हवंय हे घरात कुणालाच कळत नाही.

म्हणजे ६१२.८ हे त्यांचं रॅकच नव्हतं. वाचादोषांची पुस्तकं ६१६.८५५ ला, घरी रुग्णाची काळजी कशी घ्यायची ती ६४९.८ ला. ड्यूईची पद्धत १८७६ साली आली आणि ती ज्ञानशाखांप्रमाणे विभागणी करते: वैद्यक इथे, घरकाम तिथे, कायदा आणखी लांब. माणसाची अडचण अशी शाखांमध्ये वाटलेली नसते. ती एकाच घरात, एकाच माणसाभोवती असते आणि तिची पुस्तकं तीन-चार रॅकवर पसरलेली असतात. ती एकत्र आणून देणं हे काम आजही कुणीतरी करावं लागतं.

त्यांना सगळ्यात जास्त उपयोग झाला तो बालविभागातल्या चित्रकोशाचा. वाचाघातात, म्हणजे मेंदूला इजा होऊन वाचा जाते तेव्हा, पुष्कळदा माणसाला समोरचं बोलणं समजतं, पण स्वतःचा शब्द ओठांवर येत नाही. अशा वेळी चित्रावर बोट ठेवून सांगता येतं, आणि वाचा-उपचार करणारे तज्ज्ञसुद्धा चित्रांचे तक्ते वापरतात. ते त्यांना विचारूनच करा, असंही मी सांगितलं, कारण मी ग्रंथपाल आहे, डॉक्टर नाही. चित्रकोशाची मुदत त्यांनी चार वेळा वाढवून घेतली. हे पुस्तक त्यांना कोणत्याही शोधखिडकीत सापडलं नसतं, कारण ते मागायचं हे त्यांना माहीतच नव्हतं.

आता तंत्रज्ञान. मराठीत साधं शोधणंसुद्धा सांभाळावं लागतं, याची बऱ्याच जणांना कल्पना नसते. एका बाईंनी तालिकेत "ॲलर्जी" असं टाइप केलं. उत्तर आलं, शून्य नोंदी. पुस्तक तर माझ्या पाठीमागच्या रॅकवर होतं! कारण हे अक्षर संगणकात दोन प्रकारे लिहिता येतं. एक, ॲ हे स्वतंत्र अक्षर म्हणून. दुसरं, अ लिहून त्यावर चंद्र देऊन, अॅ. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन निराळे शब्द आहेत. ॲ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली २००८ साली, त्यामुळे त्याआधीच्या नोंदींत अ वर चंद्रच दिलेला असतो. "दऱ्या"मधल्या अर्ध्या र चीही अशीच गत. मी मोकळा वेळ मिळेल तसे असे शब्द शोधते आणि पर्यायी शीर्षकाच्या रकान्यात दुसरं रूपही घालते. कुणाला दिसत नाही असं हे काम आहे, पण माझं फार आवडतं. एक नोंद दुरुस्त झाली की एक पुस्तक पुन्हा वाचकाच्या हाती लागू शकतं.

रेडिओ लहरींवर चालणारी चकती पुस्तकात लावायची पद्धत आमच्याकडे आली तेव्हा मीच तिच्यासाठी आग्रह धरला होता. यंत्रावर पाच-सहा पुस्तकांची चळत ठेवली की सगळी एकदम नोंदली जातात, वाचकाला रांगेत उभं राहावं लागत नाही. ग्रंथ पडताळणीला पूर्वी एकेक पुस्तक काढून त्याचा दाखल अंक, म्हणजे ग्रंथालयाच्या नोंदवहीतला क्रमांक, ताडून पाहावा लागे. आता हातातलं यंत्र रॅकवरून फिरवायचं. आपल्याकडे ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणारे रंगनाथन हे मुळात गणिताचे अध्यापक. ते १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातलं चौथं सूत्र आहे, वाचकाचा वेळ वाचवा. नवीन काही घ्यायचं की नाही हे ठरवताना मी तेवढी एकच कसोटी लावते, आणि या यंत्राने वेळ वाचवला यात शंका नाही.

पण देवघेवीच्या काउंटरवर पुस्तक हातात घेताना जे बोलणं व्हायचं, ते त्याबरोबर गेलं. "हे आवडलं का?" "नाही हो, अर्धं सोडलं." एवढ्याशा बोलण्यातून पुढचं पुस्तक सुचायचं. म्हणून आता मी संध्याकाळचा तासभर त्या यंत्राशेजारी उभी राहते. तिथे माझी नेमणूक नाही, मला राहावंसं वाटतं.

गेल्या काही दिवसांत एक नवीन गोष्ट सुरू झाली आहे. एक विद्यार्थिनी सहा पुस्तकांची यादी घेऊन आली. यादी तिने संवाद साधणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेकडून घेतली होती. सहापैकी चार पुस्तकं जगात कुठेच नव्हती. लेखक खरे, विषय त्यांचाच, शीर्षकंही अगदी शोभतील अशी. एका पुस्तकाला तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकही दिलेला होता. त्या तेरा अंकांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून बेरीज केली की तिला १० ने पूर्ण भाग जायला हवा. इथे जात नव्हता. (भाग गेला म्हणजे पुस्तक खरं असं मात्र नाही, नाही गेला तर क्रमांक नक्की चुकलेला, एवढंच.) मुलगी दोन दिवस ती पुस्तकं शोधत फिरत होती आणि आपल्यालाच शोधता येत नाही असं समजून रडवेली झाली होती. मी तिला शेजारी बसवलं आणि समजावलं की हे साधन कोणत्याही तालिकेत पाहून उत्तर देतंच असं नाही; एका शब्दापुढे कोणता शब्द शोभेल याचा अंदाज घेत ते वाक्य जुळवतं, त्यामुळे नसलेलं पुस्तकही तितक्याच ठामपणे सांगतं. मग आम्ही दोघींनी मिळून खरी चार शोधली. अशा साधनांवर बंदी घालावी असं मला वाटत नाही. मात्र यादी हातात आली की आधी ती तालिकेत ताडून पाहायची, ही सवय प्रत्येक विद्यार्थ्याला लागली पाहिजे, आणि ती लावणं माझं काम आहे.

आणखी एका बाबतीत मी हट्टी आहे. कोण काय वाचतं ते मी कुणाला सांगत नाही. एकदा एका सभासदाच्या वडिलांनी येऊन विचारलं, मुलगी काय नेते ते जरा दाखवा. मुलगी सज्ञान होती. मी नाही म्हणाले, ते रागावले, तक्रारही झाली. बऱ्याच ग्रंथालयांत देवघेवीच्या नोंदींसाठी जी कोहा नावाची मुक्त संगणक प्रणाली वापरतात, तिच्यात पुस्तक परत आलं की वाचकाचं नाव त्या देवघेवीपासून तोडून टाकायची सोय आहे. ती आम्ही चालू ठेवली आहे. माणसाने आजारावर, नात्यावर, धर्मावर, कशावरही वाचावं आणि त्याची खूण मागे राहू नये. फोनवर शोधताना ही हमी तुम्हाला कोण देतं?

आता घर. नाही, पुस्तकं डोक्यातून जात नाहीत, पण त्याहून जड काहीतरी बरोबर येतं: दिवसभर लोकांचं ऐकून कान थकलेले असतात. त्याची किंमत एकदा आईने मोजली.

आईची नजर मंदावली. आयुष्यभर वाचत आलेली बाई. मी लगेच मोठ्या टायपातली पुस्तकं आणली, तीही थोड्या दिवसांत तिला दिसेनाशी झाली. मग टॅबलेट घेतला, त्यावर श्राव्य पुस्तकं भरून दिली आणि मोकळी झाले. दोन-चार दिवस तिने ऐकलं, मग टॅबलेट कपाटात गेला. "मला नाही जमत ते," म्हणायची. मला वाटलं, वय झालंय, नव्या गोष्टी नको वाटतात. तीन महिने मी असंच समजत होते. ज्या गृहस्थांना मी दुसऱ्याच दिवशी नीट प्रश्न विचारला, ते परके होते. आईला मी विचारलंच नव्हतं.

विचारलं एका रविवारी, अगदी त्याच शब्दांत. ती म्हणाली, "अगं, मला मागे जाता येत नाही. एखादं वाक्य आवडलं तर मी पुन्हा वाचायची ना? आता ते निघून जातं. ती काच गुळगुळीत, बटण कुठे ते बोटाला कळत नाही."

मुलगा शेजारीच बसला होता. तीस सेकंद मागे नेणारं बटण पडद्यावर जिथे येतं, त्याच्या अगदी शेजारी त्याने उंचवट्याची एक छोटी चिकट टिकली लावली. आईने दोन-तीनदा चाचपून पाहिलं आणि बोट बरोबर जागेवर पडलं. मी कामावरून येते तेव्हा बाहेरच्या खोलीतून तेच वाक्य दोन-तीनदा ऐकू येतं. पर्स ठेवून मी आधी तिच्यापाशी बसते आणि विचारते, आज कुठे थांबलीस.