चौदा गुणोत्तरं काढलीस, पण दुकान चालतंय का?

तुझं पत्र आणि सोबतचं काम, दोन्ही नीट वाचलं. तू टी.वाय.बी.कॉम.ला आहेस, बार्शीत बाबांचं तयार कपड्यांचं दुकान आहे. पुण्यातल्या एका रिसर्च कंपनीने इंटर्नशिपसाठी अमेरिकेच्या ‘बूट बार्न’ या वेस्टर्न वेअर विकणाऱ्या दुकानसाखळीची आर्थिक प्रकृती तपासायला दिली. तू विक्री, नफा, कर्ज असे आकडे एकमेकांशी ताडून बघणारी १४ गुणोत्तरं काढलीस. त्यांनी विचारलं, “यात तुमचं मत कुठे आहे?” आणि निवड झाली नाही. कंपन्या तपासण्याचं हे क्षेत्र माझं आहे का, एम.बी.ए. करू की सीएफए (गुंतवणूक विश्लेषणाची आंतरराष्ट्रीय परीक्षा), असं तू विचारतेस.

तुझी आकडेमोड चोख आहे. पण शेवटी लिहिलंस, ‘विक्री वाढली, कर्ज नाही, म्हणून कंपनी सुदृढ.’ इथे घाई झाली.

तिथे वेस्टर्न वेअर म्हणजे आपल्याकडचे जीन्स-टॉप नव्हेत. काउबॉय बूट, हॅट, रुंद बक्कलचे पट्टे, कामगारांचे जाड बूट. मार्च २०२४ला संपलेल्या वर्षात विक्री १६५.८ कोटी डॉलरवरून १६६.७ कोटींवर गेली. त्याच वर्षात दुकानं मात्र ३४५ची ४०० झाली! आदलं वर्ष ५३ आठवड्यांचं होतं हे धरलं, तरी ५५ नवी दुकानं उघडून विक्री जागच्या जागी. कारण जुन्या दुकानांची विक्री ६.२ टक्क्यांनी घटली होती, आणि नफा १७.१ कोटींवरून १४.७ कोटींवर आला. बाबांनी कुर्डुवाडीत दुसरं दुकान काढलं आणि दोन्ही मिळून गल्ला तेवढाच राहिला, तर ते काय म्हणतील? तेच तू लिहायला हवं होतंस.

मग कंपनी आजारी होती का? माझ्या मते नाही. मार्च २०२२ला संपलेल्या वर्षात जुन्या दुकानांची विक्री ५३.७ टक्क्यांनी उसळली होती. त्यानंतरची ही उतरण होती. मार्च २०२५ला संपलेल्या वर्षात जुन्या दुकानांची विक्री ५.५ टक्क्यांनी वाढली, नफा १८.१ कोटींवर गेला. पण दुकानं वाढवत नेण्यावर उभी असलेली वाढ दरवर्षी तपासावी लागते.

मालाचंही तसंच. मार्च २०२४अखेर साठा ५९.९ कोटी डॉलरचा, म्हणजे जवळपास सात महिन्यांचा माल. तू त्याला ‘चिंताजनक’ म्हटलंस. बाबांच्या दुकानात फॅशनचा शर्ट सात महिने पडून राहिला तर सेलमध्येच काढावा लागतो, हे खरं. पण कामाचा बूट हंगाम सरला म्हणून जुना होत नाही. शिवाय एकेका डिझाइनमध्ये मापं आणि रुंदीचे प्रकार ठेवावेच लागतात. तेव्हा साठा किती, यापेक्षा तो विक्रीपेक्षा वेगाने वाढतोय का आणि सवलती देऊन विकावा लागतोय का, ते बघ. ढोबळ नफ्याची, म्हणजे विक्रीतून मालाचा खर्च वजा जाता जे उरतं त्याची, टक्केवारी तिथेच बोलते. मार्च २०२५ला संपलेल्या वर्षात साठा ७४.७ कोटींवर गेला, म्हणजे विक्रीपेक्षा वेगाने; तरी ढोबळ नफा ३६.८वरून ३७.५ टक्के झाला. सवलतींच्या जोरावर माल काढणाऱ्या कंपनीचं हे चित्र नसतं.

आणि ‘कर्ज नाही’ म्हणजे बँकेचं नाही. गाळ्यांचे भाडेकरार अनेक वर्षांचे असतात. धंदा मंदावला तरी भाडं थांबत नाही. ताळेबंदात त्याची वेगळी ओळ आहे, तू ती सोडून दिलीस.

आता तुझा प्रश्न. हे क्षेत्र तुझं आहे, असं मला मनापासून वाटतं. गल्ल्यावर बसून मोठं झालेल्या मुलीला जे दिसतं, ते वर्गात शिकवून येत नाही. एम.बी.ए.ची घाई नको. सीएफएची पहिली लेव्हल शेवटच्या वर्षात असतानाच देता येते. पण फी डॉलरमध्ये असते, म्हणून घरी आधी बोल. त्याआधी हेच काम पुन्हा एका पानात लिही, पहिल्याच वाक्यात तुझं मत. बूट बार्नचा वार्षिक अहवाल अमेरिकेच्या एसईसीच्या (तिथल्या शेअर बाजार नियामकाच्या) साइटवर फुकट मिळतो. लिहून झालं की बाबांना मोठ्याने वाचून दाखव; ते जिथे अडवतील तिथे खूण कर, आणि ते पान मला पाठव.