बाबांना लग्न करायचंय, आता काय करू?

"मॅडम, बाबा लग्न करायचं म्हणताहेत." समुपदेशक म्हणून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पुढचा शब्द मला आधीच ठाऊक असतो. "या वयात!" कधीकधी बाबांच्या जागी आई असते. मग सांगणाऱ्याचा आवाज आणखी खाली जातो आणि खोलीचं दार नीट लागलंय ना, हे एकदा वळून पाहिलं जातं.

आपल्याकडे म्हाताऱ्या नवरदेवाला हसायची जुनी सवय आहे आणि तिला एके काळी सबळ कारण होतं. साठीचा विधुर दहा-बारा वर्षांची पोर करून आणायचा, त्या जरठ-कुमारी विवाहांवर सुधारक तुटून पडले ते योग्यच झालं. पण तेच हसू आता 67 वर्षांचा विधुर आणि 63 वर्षांची विधवा यांच्या वाट्याला येतं. दोघं कमावून निवृत्त झालेली, दोघांची मुलं मार्गी लागलेली, दोघं स्वतःच्या मर्जीनं आलेली. साठी गाठलेल्या माणसापुढे आज सरासरी 17-18 वर्षं असतात. एवढा काळ त्यानं नातवंडांच्या शाळेच्या बसची वाट बघत काढावा, असा आपला साधारण बेत असतो.

अशा बऱ्याच घरांपैकी एक इथे सांगते. ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत आणि त्यांची परवानगी आहे. घर ठाण्यातलं. वडिलांना सगळे नाना म्हणतात, मीही तेच म्हणते.

नानांना मुलगा आणि मुलगी घेऊन आले ते "विस्मरणाची तपासणी करायची" असं सांगून. लक्षणं मुलीनं कागदावर लिहून आणली होती. केस रंगवले. दूध आणायला इस्त्रीचा शर्ट घालून जातात. मोबाईलला पासवर्ड घातला. मी नानांना तारीख-वार विचारायला सुरुवात केली, तर म्हणाले, "सगळं सांगतो. पण यांना खरं हे विचारायचंय की तो पासवर्ड माझ्या लक्षात आहे का. आहे."

मुलाला हसू आलं आणि त्याच क्षणी त्याला स्वतःचा रागही आला. मला बरं वाटलं. ज्या घरात अजून हसू फुटतं तिथे माझं निम्मं काम झालेलं असतं.

नाना आणि मावशी (त्यांना मी मावशी म्हणते) भेटले ते बँकेत, नोव्हेंबरात, हयातीच्या दाखल्याच्या रांगेत. नानांना फक्त आपण जिवंत आहोत एवढं लिहून द्यायचं होतं. मावशींचे यजमान कारखान्यात होते, त्यांच्यामागे मावशींना कर्मचारी पेन्शन योजनेचं पेन्शन मिळतं. त्यांना आपण जिवंत आहोत आणि शिवाय आपण पुनर्विवाह केलेला नाही, असं दोन्ही लिहून द्यायचं होतं. मावशींचं पेन चालेना. नानांनी आपलं दिलं आणि विचारलं, "हे दर वर्षी लिहून द्यावं लागतं?" मावशी म्हणाल्या, "हो. सरकारला फार काळजी आहे माझी." तिथून पुढे दोघं फिरायला जाऊ लागले, मग नाटकांना, आणि दोन वर्षांनी नानांनी घरात विषय काढला.

मुलगा पहिल्यांदा एकटा आला तेव्हा "लोक काय म्हणतील" या विषयावर बराच वेळ बोलला. मी विवेकनिष्ठ विचारपद्धती मानणारी, म्हणजे घटनेपेक्षा तिच्याबद्दलचा आपला विचारच जास्त छळतो असं सांगणाऱ्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या वाटेनं जाणारी. त्यामुळे माझा प्रश्न ठरलेला असतो.

"लोक म्हणजे कोण? नावं सांगा."

तो आठवू लागला. सोसायटीचे सेक्रेटरी, बायकोची मावशी, ऑफिसातले दोघं.

"ते काय म्हणतील?"

"हसतील."

"हसले. पुढे?"

"पुढे काही नाही," म्हणाला. मग जरा थांबून, "पण ते हसायला नकोत."

हसू नयेत असं वाटणं अगदी रास्त आहे. कुणालाच आवडत नाही. पण आपल्याला आवडत नाही म्हणून जगानं तसं वागलंच पाहिजे असा हुकूम काढला की झोप उडते, आणि हुकूम मोडणारा स्वतःचा बाप असला की घर पेटतं. हे मी त्याला तिथल्या तिथे सांगितलं नाही. अशी वाक्यं आयती दिली की माणूस मान डोलावतो आणि जिना उतरेपर्यंत विसरतो. त्यालाच ते सापडायला तीन-चार भेटी लागल्या. शेवटी एकदा तो स्वतःच म्हणाला, "म्हणजे मी सेक्रेटरीच्या हसण्यासाठी बाबांना एकटं ठेवतोय."

मग दुसरी काळजी बाहेर आली. फ्लॅटची. ती बोलताना माणसं ओशाळतात. मी म्हणते, ओशाळू नका, कागद काढा. पैशाची काळजी मनात ठेवली की ती संस्कृतीचं सोंग घेते. कागदावर आणली की वकील तासाभरात सोडवतो. नानांचा फ्लॅट स्वकष्टार्जित, म्हणजे मृत्युपत्र करून तो त्यांना हव्या त्या माणसाला देता येतो. मृत्युपत्र केलं नाही, तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगा आणि मुलगी यांना सारखा एकेक वाटा मिळेल. सोसायटीत नॉमिनी लावलाय म्हणून निश्चिंत राहू नये, नॉमिनी आपोआप मालक होत नाही. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. हिंदू माणसाचं आधीचं मृत्युपत्र लग्नामुळे रद्द होत नाही, तरी लग्नानंतर ते नव्यानं लिहावं, कारण त्यात बायकोचा विचार झालेला नसतो. अनेक घरांत मधला मार्ग निघतो: घर शेवटी मुलांचं, पण बाईंना हयातभर तिथं राहण्याचा हक्क. नानांनी तसंच केलं.

एका गोष्टीला मात्र माझा ठाम विरोध असतो. "लग्न करा, पण आधी घर आमच्या नावावर करून द्या," असं मुलं म्हणतात तेव्हा. बक्षीसपत्र एकदा झालं की झालं. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात ते रद्द करून घेण्याची वाट आहे, पण सांभाळ करण्याच्या अटीवर दिलं होतं हे दाखवता आलं तर. ती अट कागदात लिहिलेली नसेल तर उतारवयात कोर्टकचेरी मागे लागते.

आता आत्याबाई. नानांची धाकटी बहीण, निवृत्त शिक्षिका, बोलावणं नसताना आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. 1954 च्या विशेष विवाह कायद्यानं लग्न करायचं तर तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती नोंदणी कार्यालयात लागते, हे त्यांनी कुठंतरी वाचलं होतं.

"त्या नोटिशीवर कुणालाही आक्षेप घेता येतो ना?"

"येतो."

"मग मी घेते."

मी त्यांना कारणं सांगितली. कुणाचा आधीचा जोडीदार हयात असेल, वय कमी असेल, नातं निषिद्ध असेल, मनाची अवस्था संमती देण्याजोगी नसेल, तर. 'चारचौघांत शोभत नाही' हे कारण कायद्यात नाही. आत्याबाई मला म्हणाल्या, "कायदा पुरुषांनी केलाय, त्यांना काय कळतं."

मग मी जरा आगाऊपणा केला. म्हटलं, "आत्याबाई, तुम्ही शाळेत महर्षी कर्वे शिकवलेत. पहिली पत्नी गेल्यावर त्यांनी 1893 मध्ये एका विधवेशी लग्न केलं. मुरुडच्या लोकांनी बहिष्कार घातला. तुम्ही वर्गात कुणाची बाजू घेत होतात?"

"ते कर्वे होते," आत्याबाई म्हणाल्या. "हा आमचा दादा आहे."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. सुधारणा पाठ्यपुस्तकात शोभते आणि घरात खुपते, हे इतक्या थोडक्यात मला कुणी सांगितलं नव्हतं.

मावशींना मी मुद्दाम एकटीला भेटले. नेहमीच तसं करते, कारण या वयात पुरुष आणि बाई एकच शब्द वापरून वेगवेगळं मागत असतात. पुरुष 'सोबत' म्हणतो तेव्हा त्यात गरम पोळी आणि वेळेवर औषध पुष्कळदा धरलेलं असतं. बाईनं एक नवरा, सासू-सासरे, मुलं असं सगळं निभावून आत्ता कुठे पाय लांब केलेले असतात. मावशींना मी विचारलं, काय ठरवलंय? त्या म्हणाल्या, "ठरवायचंय. मी लग्न केलं की माझं पेन्शन बंद. महिन्याला अठराशे रुपये. तेव्हा नाना अठराशे रुपयांचे आहेत का, ते बघते आहे."

चेष्टेत म्हणाल्या, पण प्रश्न खरा आहे. त्या योजनेत विधवेचं पेन्शन मृत्यू किंवा पुनर्विवाह यांपैकी जे आधी होईल तोपर्यंतच मिळतं. सरकारी नोकरीतल्या कुटुंब निवृत्तिवेतनाचे नियम वेगळे असतात, ते ज्याच्या त्याच्या कार्यालयात विचारून घ्यावेत. या कारणानं काही जोडपी लग्न न करता एकत्र राहतात आणि त्यात मला काही वावगं दिसत नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं विवाहसदृश संबंधातल्या बाईला संरक्षण दिलंय. वारसा मात्र आपोआप मिळत नाही, तिथे पुन्हा मृत्युपत्रच लागतं. मावशींना लग्न हवं होतं, पण अटींसह: स्वयंपाकाची बाई चालू राहील, त्यांचा स्वतःचा फ्लॅट विकायचा नाही, आणि दोघांपैकी कुणी अंथरुणाला खिळलं तर पगारी मदत ठेवायची. नानांनी वहीत लिहून घेतलं. तिसऱ्या अटीला त्यांनी मान वर केली नाही. मी ती मुद्दाम पुन्हा वाचायला लावली.

एवढं सगळं मार्गी लागलं. लोकांचं झालं, घराचं झालं. तरी मुलगी नाहीच म्हणत होती. तिच्याकडे कारण उरलं नव्हतं आणि विरोध वाढत होता. माझ्या अनुभवात हीच वेळ सोन्याची असते. कारणं संपल्यावर जो विरोध उरतो, तो खरा. म्हणून मी सगळ्यांना एकत्र बोलावलं आणि तिला एवढंच म्हटलं, "तुम्हाला मावशींबद्दल काही म्हणायचं नाहीये. मग कुणाबद्दल म्हणायचंय?"

ती बराच वेळ गप्प बसली. मग एकदम नानांकडे वळली.

"बाबा, तुम्ही आईबरोबर कधी भाजी आणायला गेलात? एकदा तरी? ती दोन पिशव्या घेऊन तीन मजले चढायची. नाटकाची तिकिटं काढली तर तुम्हाला कंटाळा यायचा. आणि आता यांच्या पिशव्या धरता? यांच्याबरोबर नाटकं बघता?"

मुलगा खाली बघू लागला. मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकानं मध्ये पडायचा मोह आवरावा. अनेकांना आवरत नाही.

नाना म्हणाले, "नाही गेलो."

मग म्हणाले, "चुकलंच माझं. तुझ्या आईला ते सांगायचं राहून गेलं. पण म्हणून काय करू सांग. तिला एकटीला ओझी वाहायला लावली, तर आता न्याय म्हणून यांनाही लावू?"

मुलगी रडता रडता हसली. तिचं हसू बघून नाना रडले. मुलगा पाण्याची बाटली शोधत उगीच बाहेर गेला.

पूर्वी मी त्या दिवसाची किल्ली नानांच्या उत्तरात आहे असं समजत असे. आता मला वाटतं ती मुलीच्या प्रश्नात होती. बापाच्या दुसऱ्या लग्नाला होणारा विरोध पुष्कळदा त्याच्या पहिल्या लग्नाबद्दलचा असतो. आईला जे मिळालं नाही ते दुसरीला मिळताना बघणं मुलींना फार जड जातं. ही तक्रार आई असताना करता आली नाही, ती गेल्यावर कुणाकडे करायची ते कळेना, म्हणून ती नव्या बाईच्या नावावर जमा होते. ज्यांचे आई-वडील सुखानं नांदले, ती मुलं या बाबतीत लवकर तयार होतात, असं मी पाहिलंय. तेव्हा तुमच्या घरात हा प्रश्न आला असेल, तर आधी पैशाचे कागद मोकळेपणानं मांडा, लोकांची यादी करा आणि ती वाचून बघा. मग जे उरेल ते वडिलांना थेट विचारा. नव्या माणसाला विचारू नका, तिचा त्याच्याशी संबंध नाही. आणि बाबांनो, तुम्हाला विचारलं गेलं तर सबबी सांगू नका. "तेव्हाचा काळच तसा होता" हे वाक्य मी बंद खोलीत ऐकलंय, त्यानं कुणाचंही समाधान झालेलं नाही.

नोटीस लागली. आत्याबाई नोंदणी कार्यालयात जाऊन ती वाचून आल्या आणि नानांच्या जन्मतारखेत चूक आहे म्हणून कारकुनाशी भांडल्या. चूक दुरुस्त झाली. मुलगी लग्नाला साक्षीदार म्हणून उभी राहिली.

मुलगा अजून पुरता मोकळा झालेला नाही. मावशींना काय हाक मारावी, हा त्याच्यापुढे प्रश्न आहे. 'आई' म्हणण्याची सक्ती कुणी करू नये, असंच मी सांगते. चाळिशीतल्या माणसाला नवी आई लागत नाही, घरातल्या बाईशी सभ्यपणे वागता आलं की पुरे. सध्या तो मावशींशी बोलायचं झालं की आधी खाकरतो आणि मग थेट विषयाला हात घालतो. मावशींना विचारलं, त्रास होतो का? म्हणाल्या, "छे. तो खाकरला की मी ओळखते, काहीतरी हवंय. हाक मारूनही मुलं दुसरं काय करतात?"