हेल कुणाचा गोड?

वाचक विचारतात : बोली आणि उच्चार

प्रश्न : मला मालवणी सगळ्यात गोड वाटते, नवऱ्याला वऱ्हाडी. एखादी बोली मुळातच गोड असते का?

उत्तर : नुसत्या आवाजात गोडी नसते. 1974 सालच्या एका प्रयोगात ग्रीक अजिबात न येणाऱ्या ब्रिटिश विद्यार्थ्यांना अथेन्सची आणि क्रीट बेटावरची ग्रीक ऐकवली होती. ग्रीकांमध्ये मान अथेन्सच्या बोलीला. या विद्यार्थ्यांना मात्र दोन्हींत डावं-उजवं काही सांगता आलं नाही. म्हणजे बोलीबरोबर आपण ती बोलणारी माणसंही ऐकत असतो, त्यांच्याबद्दल जे मनात असतं तेही ऐकतो.

आपली विशेषणंच बघा. मालवणी गोड, कोल्हापुरी रांगडी, वऱ्हाडी दिलखुलास आणि पुणेरी ‘शुद्ध’. पहिल्या तिघींना माया मिळते, पण ‘शिकलेल्या माणसाची भाषा’ असं त्यांच्याबद्दल कुणी म्हणत नाही. माया आणि मान ही दोन खाती वेगळी आहेत, म्हणून ‘आवडते का?’ एवढंच विचारून भागत नाही.

आपल्या माणसांच्या कानाची परीक्षा घ्यायची असेल तर एक सोपी रीत आहे. 1960 साली कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये मानसशास्त्रज्ञ लॅम्बर्ट आणि सहकाऱ्यांनी ती फ्रेंच-इंग्रजीसाठी वापरली. त्यात फ्रेंच भाषकांनीसुद्धा इंग्रजी आवाजाला बऱ्याच बाबतींत वरचे गुण दिले, आणि दोन्ही आवाज एकाच माणसाचे होते! मराठीत हे करायचं तर घरची बोली आणि प्रमाण मराठी दोन्ही सहज बोलणारी एक व्यक्ती गाठा. एसटीच्या वेळा किंवा पावसाचा अंदाज असा साधा मजकूर दोन्हींत 30-40 सेकंद बोलून घ्या. मध्ये तीन-चार परके आवाज घाला, दोन आवाज एकाच माणसाचे आहेत हे न सांगता ते ऐकवा आणि ऐकणाऱ्यांकडे हुशार, प्रामाणिक, मायाळू, साहेब म्हणून शोभेल अशा प्रत्येक बाबीला 1 ते 7 गुण वेगवेगळे मागा. फसतं ते दोन ठिकाणी. बोलणारा बोलीत शिरला की नकला करायला लागतो, किंवा ‘ही कुठली बोली?’ हे आधीच विचारलं जातं आणि ऐकणारा सावध होतो.

प्रश्न : बोलण्यावरून माणूस कुठला हे ओळखायला नेमकं काय ऐकायचं?

उत्तर : बहुतेक जण हेलाकडे कान देतात, पण हेल पकडायला सर्वांत अवघड. आधी ‘ळ’ ऐका. ‘डोळा’चा ‘डोया’ झाला तर वऱ्हाड किंवा खानदेश. ‘डोला’ झाला, सोबत ‘पाणी’चं ‘पानी’ आणि ‘गाडी’ची ‘गारी’ झाली, तर ठाणे-रायगडच्या किनाऱ्यावरची आगरी-कोळी.

‘डोया’वर थांबू नका, नाहीतर अकोल्याचा माणूस धुळ्याचा ठरेल. तिथे ‘माझा’ हा शब्द निकाल देतो. वऱ्हाडात ‘माहा’ किंवा ‘माया’, अहिराणीत ‘मना’. मालवणीत ‘माझो’, कारण तिथे घोडासुद्धा ‘घोडो’ असतो.

सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे चालू काळाचं क्रियापद. ‘काय करतोयस?’ हे नागपूरकडे ‘काय करून राहिला?’, लातूर-नांदेडकडे ‘काय करायलास?’, कोल्हापुरात ‘काय करालाईस?’ आणि मालवणात ‘काय करतस?’ शब्द माणूस पटकन बदलतो. पुण्यात चार वर्षं काढली की ‘काहून’चं ‘का’ होतं. क्रियापदाचं शेपूट मात्र घाईत, रागात हमखास परत येतं. म्हणून माणूस फोनवर घरच्यांशी बोलत असताना ऐका.

एक गैरसमज इथेच काढायला हवा. कोल्हापूरकडे बायका ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात. ती व्याकरणाची चूक नाही, त्या भागाचा नियम आहे. तो मोडून ‘येते’ म्हणायला लावणाऱ्यांनी आधी तो समजून घ्यावा.

प्रश्न : स्पर्धेच्या एकांकिकेत वऱ्हाडी बाईची भूमिका आहे. तालमीत सगळे म्हणतात, नकली वाटतं.

उत्तर : बहुधा ‘काहून’, ‘बाप्पा’, ‘बे’ पेरून झालेत आणि वाक्य पुणेरीच राहिलंय. आधी एकच तालुका आणि एकच वय ठरवा. नागपूरची तरुणी आणि अकोल्याकडची साठीची बाई एकत्र कालवली की कान लगेच खटकतो. त्या वयाच्या बाईचं दहा मिनिटांचं साधं बोलणं मिळवा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर केलेल्या बोलींच्या सर्वेक्षणातली ध्वनिमुद्रणं इंटरनेटवर ऐकायला मिळतात. त्यातली दोन मिनिटं जशी ऐकू येतात तशी उतरवा, ‘उह’-‘अं’सकट. क्रियापदांखाली रेघ मारा, आवाज जिथे चढतो तिथे बाण काढा. मग आवाज सुरू ठेवून त्याच्या पाठोपाठ, सावलीसारखं बोला. रोज वीस मिनिटं, पंधरा दिवस. संहितेला हात त्यानंतरच लावा.

तीन गोष्टी सांभाळा. ‘ळ’चा ‘य’ करायचा तर सगळीकडे करा. एका वाक्यात ‘डोया’ आणि पुढच्यात ‘काळा’ आलं की पात्र तुटतं. ‘बे’ बरोबरीच्या माणसाला चालतं. सासऱ्यापुढे सून ‘बे’ म्हणाली तर विदर्भातला प्रेक्षक दचकेल. आणि आवाज चढवू नका. मोठ्याने बोललं की वऱ्हाडी होतं ही समजूत नकलाकारांनी पसरवलीय.

प्रश्न : मुलगी ‘आनी’, ‘पानी’ म्हणते म्हणून वक्तृत्व स्पर्धेत गुण कापले. सुधारायचं कसं?

उत्तर : तिच्या घरच्या बोलीत ‘ण’ नाही, एवढंच झालंय. बुद्धीचा इथे काही संबंध नाही, हे तिला आधी सांगा. मंचासाठी ‘ण’ हवा असेल तर तो जास्तीचा म्हणून शिकवा. ‘न’ला जिभेचं टोक वरच्या दातांमागे टेकतं. ‘ण’ला ते मागे वळून टाळूला लागतं. आरशासमोर सन-सण, मन-मण, तन-तण या जोड्या रोज दहा मिनिटं म्हणू द्या, महिनाभर. वाक्यं नंतर. घाई केली तर उलटंच होतं, आणि ती ‘मन’लासुद्धा ‘मण’ म्हणायला लागते. तसं झालं तर पुन्हा जोड्यांवर या. घरी बोलताना मात्र तिला अडवू नका.