अल्टरनेटर गेला की जनरेटर?

प्रश्न असा: मेकॅनिक म्हणतो गाडीचा 'अल्टरनेटर' गेलाय, सोसायटीत 'जनरेटर' आहे, मुलाच्या दहावीच्या पुस्तकात 'जनित्र' आहे. ही एकाच यंत्राची नावं का? आणि अल्टरनेटरला मराठीत काय म्हणायचं?

जनरेटर किंवा जनित्र हे कुळाचं नाव. फिरवलं की वीज देतं ते जनित्र. चुंबकाजवळ तारेचं वेटोळं फिरवलं की त्यात उपजणारा प्रवाह दर अर्ध्या फेरीला दिशा पालटतो. तो तसाच बाहेर काढला तर यंत्र अल्टरनेटर. बाहेर पडतानाच दुभंगलेल्या कडीने त्याची दिशा एक केली तर डायनॅमो. 1832 मध्ये पिक्सी या फ्रेंच कारागिराने हाताने फिरवायचं यंत्र केलं, तेव्हा त्यातून असाच उलटसुलट प्रवाह आला. मग अँपिअर या शास्त्रज्ञाच्या सूचनेवरून त्याने दिशा एक करणारी कळ बसवली. म्हणजे वंशावळीत अल्टरनेटरच थोरला.

इथवर सगळं सरळ आहे. घोटाळा बोलीत आहे, आणि मला तोच जास्त आवडतो. आमच्या लहानपणी सायकलच्या चाकाला टेकवायचा तो 'डायनॅमो'. पेडल जड व्हायचं, आणि चौकात थांबलं की दिवा गुल! पण त्या बाटलीत चुंबक फिरतो आणि दिव्याला उलटसुलट प्रवाहच मिळतो. म्हणजे तो डायनॅमो नव्हेच, चिमुकला अल्टरनेटर. उलट गाडीच्या अल्टरनेटरमधून बाहेर येते ती एकाच दिशेची वीज, कारण बॅटरीला तीच लागते. आतले डायोड, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे छोटे भाग, ते काम करतात. सिलिकॉनचे डायोड हाताशी आले तेव्हाच, म्हणजे 1960 नंतर, गाड्यांमधून डायनॅमो हटत गेला. जुन्या अँबॅसडरला डायनॅमोच असे. आणि मांडवामागे धडधडणारा 'जनरेटर'? ते डिझेल इंजिन, आणि त्याला जोडलेला अल्टरनेटर. बहुतेक वेळा चुंबकाच्या चार ध्रुवांचा, म्हणजे एका फेऱ्यात प्रवाहाची दोन आवर्तनं; म्हणून मिनिटाला 1500 फेरे, तेव्हा आपली 50 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 50 आवर्तनांची वीज मिळते. लोक मात्र धूर आणि आवाजासकट सगळ्या धुडालाच जनरेटर म्हणतात, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही.

आता शब्द. 'जनित्र' हा कोणी घाईने जुळवलेला पारिभाषिक शब्द नाही. ऋग्वेदात तो 'उत्पत्तिस्थान' या अर्थाने येतो. त्यातला 'जन्' आणि जनरेटरमधला लॅटिन 'गेन्' एकाच मुळाचे. शिवाय खनित्र, लवित्र, अरित्र यांमधला साधनवाचक 'इत्र' त्याच्या शेपटीला आहेच. मोटरसाठी पाठ्यपुस्तकातलं 'चलित्र' त्याच साच्यातलं. अल्टरनेटरच्या मुळाशी लॅटिन 'अल्तेर' आहे, म्हणजे दोनांतला दुसरा. त्यातला 'तेर' आणि आपल्या 'इतर'मधला 'तर' हे भाऊभाऊ. आळीपाळीने जाणारा, हा भाव तिथून आला.

मराठीत 'प्रत्यावर्ती जनित्र', म्हणजे उलटसुलट प्रवाहाचं जनित्र, म्हणता येतं, आणि पुस्तकात ते बरोबर आहे. हिंदीत 'प्रत्यावर्तित्र' घडवला आहे. व्याकरणाला शोभतो, जिभेला नाही. गॅरेजमध्ये 'प्रत्यावर्ती जनित्र भरून द्या' म्हणालात तर पोरगा तुमच्या तोंडाकडे बघत राहील. तिथे 'अल्टरनेटर'च म्हणा. लेखात एकदा अर्थ सांगून पुढे तोच वापरावा, असं माझं मत.

लिंगाचं विचारलं नाहीत, तरी सांगतो: अल्टरनेटर, जनरेटर, डायनॅमो तिघेही पुल्लिंगी, म्हणून 'जळाला'. जनित्र मात्र 'जळालं'.