जुन्या इंग्रजी खरेदीखतात चेन, लिंक, रॉड, पर्च लिहिलंय. म्हणजे नेमकं किती?

मूळ धरायची ती चेन: ६६ फूट. तिच्यात १०० लिंक, म्हणून एक लिंक ७.९२ इंचांची. रॉड म्हणजे पाव चेन, साडेसोळा फूट. पर्चही तेवढाच, पण क्षेत्रफळात आला तर चौरस रॉड समजा; असे १६० म्हणजे एक एकर.

एकर काढायला चौरस चेनना १० ने भागा. ५ चेन ४० लिंक गुणिले ३ चेन, म्हणजे ५.४ × ३ = १६.२, उत्तर १.६२ एकर. आपला गुंठाही याच हिशेबातला, अर्धी चेन लांब, अर्धी रुंद.

घोळ होतो तो १०० फुटी इंजिनिअर्स चेनमुळे. ती धरलीत तर क्षेत्र जवळजवळ २.३ पट फुगतं. खतात एकरांचा आकडा असेल तर आधी ताळा करून बघा.