तान्ह्या बाळाला घेऊन न्यूझीलंडच्या रस्त्यावर: वाचकांचे प्रश्न

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर गाडी भाड्याने घेऊन हिंडण्याबद्दल बरीच पत्रं आली. त्यातली तान्ह्या बाळांविषयीची या वेळी एकत्र घेतली आहेत.

मार्चमध्ये आम्ही निघू तेव्हा मुलगी सात महिन्यांची असेल. हातात दहा रात्री आहेत. क्राइस्टचर्चला उतरून टेकापो, माउंट कुक, वानाका, क्वीन्सटाउन, मिलफर्ड साउंड आणि परत येताना पश्चिम किनाऱ्यावरची फ्रान्झ जोसेफ हिमनदी, असं पूर्ण वर्तुळ करायचं आहे. जमेल का? (पुणे)

पश्चिम किनारा आधी खोडून टाका. वानाका ते फ्रान्झ जोसेफ हा एकच टप्पा पावणेतीनशे किलोमीटरच्या पुढे जातो. नकाशावर तो चार तासांचा दिसला तरी सात महिन्यांच्या बाळासह सगळा दिवस खातो.

कारण साधं आहे. बाळ सीटमध्ये अर्धवट बसून असतं. फार वेळ गेला की मान पुढे पडते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. म्हणून दर दोन तासांनी गाडी थांबवून, बाळाला सीटमधून काढून पाठीवर सपाट निजवायचं किंवा पोटावर खेळू द्यायचं, हा नियम मोडायचा नाही. थांबा वीस मिनिटांचा ठरवला तरी डायपर, दूध आणि पुन्हा पट्टे बांधणं यात पाऊण तास जातो. नकाशा सांगेल त्या वेळेची सरळ दीडपट धरा. शिवाय बाळ गाडीत शांत असतं ते झोपेत. म्हणजे निघायची वेळ झोपेच्या वेळेवरून ठरवावी लागते, हॉटेल सोडायच्या वेळेवरून नाही.

दहा रात्रींची वाटणी अशी करा: क्राइस्टचर्च, टेकापो, वानाका, 'ते आनाऊ' (मिलफर्डच्या वाटेवरचं गाव) आणि क्वीन्सटाउन, प्रत्येकी दोन. विमान क्वीन्सटाउनहूनच धरा. गाडी दुसऱ्या गावी सोडण्याचं जादा भाडं पडेल, पण परतीचा पाचशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास वाचेल. पहिल्या दिवशी गाडी ताब्यात घेऊच नका. एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेसात तास पुढे असते. घरी साडेआठला निजणारं बाळ तिथल्या पहाटे चारला निजायला बघेल आणि त्या रात्री तुमचीही झोप होणार नाही. अशा डोळ्यांनी ताशी 100 किलोमीटरच्या रस्त्यावर जाऊ नये.

क्राइस्टचर्च ते टेकापो सुमारे 230 किलोमीटर. जेराल्डीनला मोठा थांबा घ्या आणि गरज पडली तर फेअरलीला दुसरा. माउंट कुक गाव टेकापोहून 105 किलोमीटरवर आहे. आभाळ मोकळं असेल त्याच दिवशी जा. ढग असतील तर पुकाकी तलावाच्या काठापर्यंत जाऊन परतलात तरी चालेल. टेकापो ते वानाका 200 किलोमीटर. ओमारामाला थांबून मग 971 मीटरची लिंडिस खिंड ओलांडायची. उतरताना कानांना दडा बसतो आणि बाळ किंचाळतं. अशा वेळी गाडी कडेला सुरक्षित जागी थांबवून पाजा, गिळण्याने कान मोकळे होतात. चालत्या गाडीत सीटमधून काढून पाजायचं नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही.

वानाकाहून 'ते आनाऊ' गाठायचा हा सर्वांत लांब दिवस, सुमारे 230 किलोमीटरचा. क्राउन रेंजचा रस्ता 1,076 मीटरवर चढतो आणि क्वीन्सटाउनच्या बाजूला नागमोडी वळणांनी उतरतो. बाळाला वळणं लागत असतील तर तो सोडून क्रॉमवेलमार्गे जा. अंतर वाढतं, ओकारी टळते.

आता मिलफर्ड. ते आनाऊपासून 118 किलोमीटर, जाऊन-येऊन गाडीतले चार तास आणि वर बोटीचे दोन. सव्वा किलोमीटरच्या होमर बोगद्यापाशी गर्दीच्या मोसमात सिग्नलला वीसेक मिनिटं थांबावं लागतं. पाऊस आंबोलीच्या तोडीचा. वाटेत मोबाइलची रेंज नाही, म्हणून नकाशा उतरवून घ्या आणि टाकी ते आनाऊलाच भरा. आमचं मत: बाळ सकाळपासून किरकिरत असेल तर एग्लिंटन खोरं पाहून मिरर लेक्सपर्यंत जा आणि मागे फिरा. ते आनाऊपासून तासाभराच्या आतच ते तलाव येतात. तिथला लाकडी पुलाचा रस्ता दहा मिनिटांचा आहे आणि डोंगर तेच आहेत.

कार सीट इथून न्यावी की तिथे भाड्याने घ्यावी? आणि ती नीट बसली हे कसं ओळखायचं? (नाशिक)

न्यूझीलंडमध्ये सात वर्षं पूर्ण होईपर्यंत मुलाला मान्यताप्राप्त सीटमध्येच बसवावं लागतं. "मांडीवर घेतो, जवळच जायचंय" हे तिथे चालत नाही. मान्यता तीन प्रकारच्या सीटना आहे: ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचं मानक 1754, युरोपचं आर-44 किंवा आर-129, म्हणजे केशरी लेबलवर वर्तुळात 'ई', आणि अमेरिकन मानकाची सीट, पण तिच्यावर न्यूझीलंडची 'एस' खूण हवी. भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक सीटवर केशरी लेबल असतं. तुमच्या सीटच्या तळाशी किंवा पाठीला ते शोधा. नसेल तर ती नेऊ नका.

असेल तर स्वतःची नेलेली बरी. तिचे पट्टे तुमच्या हाताखालचे असतात आणि बाळाला ती ओळखीची असते. मात्र सामानात टाकताना खोक्यात भरून द्या आणि पोचल्यावर कवचाला तडा नाही ना हे बघा. भाड्याने घेणार असाल तर आरक्षणात वजन, उंची आणि "मागे तोंड करून बसणारी" हे तिन्ही लिहून द्या. नुसतं "बेबी सीट" लिहिलं तर पुढे तोंड करणारी माथी मारली जाण्याची शक्यता असते. कवचावरची मुदतही वाचा. जबाबदारी नको म्हणून अनेक ठिकाणी कर्मचारी सीट बसवून देत नाहीत. तेव्हा ते काम तुमचंच, आणि त्यासाठी अर्धा तास राखून ठेवा.

जागा मागची, आणि बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे. पुढच्या सीटवर एअरबॅग चालू असताना अशी सीट कधीही लावायची नाही. एअरबॅग फुटली तर ती थेट बाळाच्या डोक्यामागच्या कवचावर आदळते. आयसोफिक्स (गाडीतल्या कड्यांना चाइल्ड सीट थेट अडकवण्याची सोय) असेल तर दोन्ही कड्या 'खट्' वाजून खूण हिरवी झाली पाहिजे. गाडीच्या पट्ट्याने बांधायची असेल तर युरोपीय सीटवर निळ्या खुणांमधून पट्टा ओवा; लाल खुणा पुढे तोंड करण्यासाठी असतात आणि घोटाळा बहुधा इथेच होतो. मग पट्टा जातो त्या जागी सीट धरून हलवा. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलली तर सोडून पुन्हा बांधा. काही गाड्यांत पट्टाच अपुरा पडतो. अशा वेळी गाडी बदलून मागा, जुगाड करू नका.

बाळाचे खांद्याचे पट्टे खांद्याच्या पातळीवर किंवा जरा खालून आले पाहिजेत. गळ्याच्या हाडापाशी पट्टा चिमटीत धरून पाहा. घडी पडली तर तो सैल आहे. जाड जॅकेट घालून कधीही बांधू नका. धडकेत कापूस दबतो आणि तेवढाच पट्टा मोकळा होतो. पातळ कपड्यांवर बांधा आणि वरून शाल पांघरा.

मी आजी. लेक-जावयाबरोबर जातेय, नातू आठ महिन्यांचा आहे. बाळगुटी, नाचणीसत्त्व, तूप आणि थोडा मध बरोबर घेऊ ना? विमानात झोप लागावी म्हणून जायफळ उगाळून द्यावं म्हणते. (सातारा)

आजी, मध राहू द्या. एक तर न्यूझीलंडमध्ये प्रवाशाला मध नेताच येत नाही. दुसरं, वर्षाच्या आतल्या बाळाला मध कुठेच देऊ नये. त्यातल्या जिवाणूच्या बीजाणूंमुळे बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. गुटीचं चाटण मधातून देत असाल तर तेही थांबवा. जायफळाचंही तसंच. उगाळताना मात्रा कळत नाही, आणि विमानात बाळ अति गुंगलं तर करणार काय?

गुटीतली वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग ही मुळं आणि शेंगा विमानतळावर अडण्याची शक्यता मोठी, म्हणून घरीच ठेवा. नाचणीसत्त्व न्यायचं असेल तर घटक छापलेलं सीलबंद पाकीट न्या. प्रत्येक प्रवाशाचं प्रवेशाचं घोषणापत्र भरावं लागतं, नातवाचंही. त्यात खाद्यपदार्थ आहेत असं लिहाच. जाहीर केलेलं फार तर काढून घेतील. लपवलेलं सापडलं तर जागेवर 400 न्यूझीलंड डॉलर दंड. विमानात मिळालेलं केळंसुद्धा उतरण्याआधी टाकायचं. बाबागाडीची चाकं निघण्यापूर्वी घासून धुवा, मातीलाही तिथे मज्जाव आहे.

तूप कशाला नेता? तो लोण्याचा देश आहे, बिनमिठाचं लोणी आणून कढवा. तांदूळ आणि मूगडाळ क्राइस्टचर्चलाच घ्या. बुकिंग करतानाच छोटं स्वयंपाकघर असलेली मोटेलची खोली मागा, तशा पुष्कळ मिळतात. दोन चमचे तांदूळ, एक चमचा डाळ, मऊ शिजवून बिनमिठाची. अर्ध्या लिटरच्या थर्मासमध्ये उकळतं पाणी पाच मिनिटं ठेवून ओता आणि मग वाफाळती खिचडी भरा. थंड थर्मासमध्ये भरली तर ती कोमट होते आणि कोमट भातात जंतू भराभर वाढतात. निघाल्यापासून चार तासांत संपवा. बाळाच्या चमच्याने उष्टी झालेली लगेच टाकून द्या.

वरचं दूध असेल तर पावडर आणि पाणी वेगवेगळं ठेवा. पावडर निर्जंतुक नसते. ती निदान 70 अंशांच्या पाण्यात कालवायची आणि मग बाटली गार पाण्यात धरून निववायची. तयार दूध बाहेर दोन तासांपलीकडे ठेवू नका.

तापाचं औषध इथलं न्यावं का? (ठाणे)

न्या, पण डॉक्टरांकडून मात्रा मिलिग्रॅममध्ये लिहून घ्या, मिलिलिटरमध्ये नव्हे. आपल्याकडे पॅरासिटामॉलच्या थेंबांत बहुधा एका मिलिलिटरला 100 मिलिग्रॅम असतात. तिथलं साधं सिरप 5 मिलिलिटरला 120 मिलिग्रॅमचं, आणि दुसरं 250 चं. नेहमीची मात्रा किलोला 15 मिलिग्रॅम. आठ किलोच्या बाळाला 120 मिलिग्रॅम लागलं तर ते थेंबांचं 1.2 मिलिलिटर, पण तिथल्या साध्या सिरपचं 5 मिलिलिटर होतं. सिरपच्या सवयीने थेंबच 5 मिलिलिटर दिले, तर चौपटीहून जास्त औषध पोटात जाईल. दोन मात्रांत निदान चार तासांचं अंतर ठेवा आणि दिवसात चारपेक्षा जास्त देऊ नका. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि ताप 38 अंशांवर गेला, तर औषध देऊन वाट बघू नका, डॉक्टर गाठा.

मोफत हेल्थलाइन 0800 611 116 वर चोवीस तास परिचारिकांचा सल्ला मिळतो. आणीबाणीत 111. अपघाती इजेच्या उपचारांना तिथली सरकारी योजना पर्यटकांनाही मदत करते, आजारपणाला नाही. म्हणून विम्यात बाळाचं नाव वेगळं आहे का ते तपासा. ते आनाऊ, वानाकाला दवाखाने आहेत, क्वीन्सटाउनजवळ फ्रँकटनला रुग्णालय. मिलफर्डला यातलं काहीच नाही.

कॅम्परव्हॅन घेतली तर हॉटेलांचा खर्च वाचेल का? (मडगाव)

तान्ह्या बाळासाठी आम्ही नको म्हणू. दोन माणसांच्या व्हॅनमध्ये बहुधा पुढच्याच दोन सीट असतात. मोठ्या व्हॅनमधल्या आडव्या बाकांवर चाइल्ड सीट लावता येत नाही. आणि रात्री थंडी वाजली म्हणून गॅसची शेगडी पेटवून उब घेणं जिवावर बेततं, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

मिलफर्डच्या सँडफ्लायचं काय करायचं? (बेंगळुरू)

या बारीक माश्या दिवसा आणि थांबलेल्या माणसाला चावतात, चालत्या गाडीत नाही. दार उघडण्याआधीच बाळाला पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मोजे घाला, बाबागाडीवर बारीक जाळी टाका. पिकॅरिडिनचं (कीटक दूर ठेवणारं) मलम हातापायांच्या उघड्या भागांवर पातळ लावा. तळहातांना नको, ते तोंडात जातात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला काहीच लावू नका, फक्त जाळी. डायपर बदलायचा तर दारं बंद करून गाडीतच.