तुर्की माणसाला इतर भाषांत काय म्हणतात?

तुम्ही विचारलंय की तुर्कस्तानातल्या माणसाला सगळीकडे ‘तुर्क’च म्हणतात, की भाषेगणिक शब्द बदलतो. शब्द बहुतेक ठिकाणी ओळखू येतो. तो लावायचा कुणाला, हे मात्र ज्या त्या भाषेनं आपापलं ठरवलंय, आणि मला त्याचंच जास्त अप्रूप वाटतं.

तुर्कीत ‘त्युर्क’, अनेकवचन ‘त्युर्कलेर’. अरबीत एक असेल तर ‘तुर्की’, अनेक असतील तर ‘अतराक’. रशियनमध्ये दोन वेगळे शब्द आहेत: तुर्कस्तानातला तो ‘तूरक’, आणि कझाक, उझबेक, किरगीझ धरून अख्खं भाषाकुळ म्हणजे ‘त्यूर्क’. मराठीत ही सोय नाही, लिहिताना फार अडतं. इराणात ‘तोर्क’ म्हटलं की आधी तिथलाच अझरबैजानी भाषा बोलणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. अर्जेंटिनात तर सीरिया-लेबनॉनमधून आलेले अरब ‘तुर्को’ झाले, कारण येताना त्यांच्याकडे उस्मानी (ऑटोमन) साम्राज्याची कागदपत्रं होती. माजी राष्ट्राध्यक्ष कार्लोस मेनेम सीरियन वंशाचे, त्यांनाही लोक ‘एल तुर्को’ म्हणत.

खुद्द उस्मानी दरबारी मंडळी स्वतःला ‘उस्मानली’ म्हणवत. ‘तुर्क’ म्हणजे त्यांच्या लेखी अनातोलियातला अडाणी खेडूत. १९२३ साली प्रजासत्ताक आलं आणि तोच शब्द अभिमानाचा झाला.

आपल्याकडे संस्कृतात ‘तुरुष्क’, तेलुगूत ‘तुरक’, तमिळमध्ये ‘तुलुक्कर’. सुरुवातीला हे तुर्की सुलतान आणि त्यांच्या सैनिकांसाठी होतं, पुढे कुठल्याही मुसलमानासाठी वापरलं जाऊ लागलं. श्रीरंगमच्या मंदिरात ‘तुलुक्क नाच्चियार’ आहे, देवावर जीव जडलेली सुलतानाची मुलगी. भाताच्या त्या मुलुखात तिच्यासाठी नैवेद्याला चपाती असते! आणि एकनाथांचा ‘हिंदू-तुर्क संवाद’ जरूर वाचा. त्यातला तुर्क इस्तंबूलहून आलेला नाही, इथलाच मुसलमान आहे. तो दखनी हिंदीत बोलतो, हिंदू मराठीत उत्तर देतो, दोघं एकमेकांच्या धर्मावर तुटून पडतात आणि शेवटी गळाभेट घेतात. मराठीत हा शब्द इतक्या जिवंतपणे मी दुसरीकडे कुठे वाचलेला नाही.

म्हणून आजच्या मराठीत मी माणसाला ‘तुर्की’ आणि देशाला ‘तुर्कस्तान’ लिहितो. फक्त इराणी माणसाशी बोलताना ‘तुर्कस्तान’ म्हणू नका. फारसीत ‘तोर्केस्तान’ म्हणजे मध्य आशियाचा मुलूख. तुम्हाला हवा तो देश म्हणजे ‘तोर्किये’.